कुंपणावरून केंटकी

आमच्या आणि ताईंच्या परसामधलं कुंपण साडेचार फुटांचं आहे. ओहायोतल्या आमच्या या वसाहतीत बाकी सगळ्यांची कुंपणं सहा फुटी. शेजाऱ्याचं डोकंसुद्धा दिसू नये, असा इथला शिष्टाचार. आमच्या घराच्या आधीच्या मालकाला लाकडाला पैसे कमी पडले असावेत. त्याचे आमच्यावर उपकार आहेत. कारल्याचा वेल मी माझ्या बाजूला लावते, पण ऊन त्यांच्या बाजूला. त्यामुळे मुळं माझी आणि कारली त्यांची. चौदा वर्षं हा व्यवहार चाललाय. त्या कारली द्यायला कुंपणाशी येतात, मी घ्यायला जाते, आणि आत कुकरच्या शिट्ट्या कुणीच मोजत नाही.

गेल्या आठवड्यात मात्र पलीकडे सामसूम होती. ताई चर्चच्या मिशन ट्रिपला गेल्या होत्या. मी त्यांच्या टोमॅटोंना पाणी घालत होते, मांजराला खाणं देत होते आणि खरं सांगायचं तर बोलायला कुणी नसल्यामुळे चिडचिडत होते. आमच्या ह्यांच्याशी बोलावं, तर ते 'हं' म्हणतात.

ताई मूळच्या नगरच्या. आता गावाचं नाव बदललं, पण त्यांच्या तोंडून 'नगर' काही जात नाही. वडील पीडब्ल्यूडीत मिस्त्री, आई मिशनच्या शाळेत मास्तरीण, घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती. इथे त्या मेथॉडिस्ट चर्चला जातात. त्या मंडळीत मराठी म्हणून त्या एकट्याच. या ट्रिपला चर्चच्या दहावी-बारावीच्या पोरांबरोबर दरवर्षी दोन-तीन मोठी माणसं पाठवावी लागतात. यंदा मोठी माणसं मिळेनात, म्हणून बासष्टाव्या वर्षी ताईंनी हात वर केला.

शनिवारी रात्री उशिरा गाडी वाजली. रविवारी सकाळी चर्च, दुपारी झोप, आणि संध्याकाळी सातला कुंपणाशी हजर. डाव्या हाताच्या दोन बोटांना पट्ट्या.

"अगंबाई! हे काय?"

"हातोडी."

"देवाच्या कामाला गेला होतात ना?"

"काम देवाचंच होतं गं. नेम माझा होता."

मी म्हटलं, ते राहू दे, आधी हिशेब द्या. मी शेअरहोल्डर आहे. चेष्टा नाही. मार्च महिन्यात ताईंनी मला वीस डॉलरला एक शेअर विकला होता, छापील सर्टिफिकेटासकट. चर्चची पोरं उन्हाळ्याच्या ट्रिपसाठी असे शेअर विकतात, गाड्या धुतात, रविवारी पॅनकेकचा नाश्ता लावतात. परत आली की शेअरहोल्डरांना जेवण घालायचं आणि फोटो दाखवायचे. ते सर्टिफिकेट मी फ्रिजवर लावलं होतं. तिथेच माझी चूक झाली. भिशीच्या दिवशी कोपऱ्यावरच्या काकूंनी ते वाचलं, चष्मा वर केला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्ही धर्मांतराला पैसे दिलेत?"

यावर मी काय म्हणाले, ते ताईंना सांगायचं नव्हतं. मी म्हणाले होते, "छे हो, शेजारधर्म. भिडेखातर."

"कुठे म्हणालात गेला होतात?" मी विषय बदलला.

"पूर्व केंटकी. अॅपलेशिया. पण तिकडे तसं म्हणायचं नाही. पहिल्याच दिवशी एका बाईनं मला सुनावलं, 'अॅपलॅचा' म्हण. पुण्याला कुणी 'पुना' म्हटलं की आपल्या कपाळावर आठी येते ना, तसं."

पाच तासांचा रस्ता. डोंगर सुरू झाले की फोन मुका होतो. एका शाळेत मुक्काम. उन्हाळ्यात शाळा रिकाम्या असतात, तिथे वर्गावर्गात हवेच्या गाद्या टाकून पन्नास-साठ माणसं झोपतात. ताईंची गादी रात्री दोनला बसायची. आंघोळीला व्यायामशाळेतले फवारे, तेही पोरींचं झाल्यावर. जेवायला दुपारी पाचही दिवस पीनट बटर आणि जॅमचं सँडविच.

"पाचही दिवस?"

"मी शेंगदाण्याची चटणी नेली होती. म्हटलं, पीनट बटरचाच मोठा भाऊ."

संस्थेचं नाव अॅपलेशिया सर्व्हिस प्रोजेक्ट. ग्लेन एव्हन्स नावाच्या पाळकांनी 1969 साली ती सुरू केली. सगळे त्यांना टेक्स म्हणायचे. पहिल्या उन्हाळ्यात केंटकीतच पन्नास स्वयंसेवक आणि चार घरं. आता देशभरातल्या चर्चमधून पोरं येतात. मेथॉडिस्टच पाहिजेत असं काही नाही, ज्याला यायचं त्यानं यावं. चौदा वर्षांच्या पुढची पोरं, पाच पोरांमागे दोन मोठी माणसं, अशी एकेक टोळी. एका टोळीला एक घर. मुक्कामाच्या ठिकाणी सगळा कारभार कोण बघतं, तर कॉलेजची वीस-बावीस वर्षांची पोरं. लाकूड आणणं, घरं ठरवणं, कामाची तपासणी, सगळं तीच करतात. घर पार नवंकोरं करायचा दावा नाही. जास्त ऊबदार, जास्त सुरक्षित आणि जास्त कोरडं, एवढंच त्यांचं म्हणणं.

"1969?" मी म्हटलं. "आपलं एनएसएससुद्धा त्याच वर्षी सुरू झालं की! गांधीजींची जन्मशताब्दी होती. साताऱ्याला कॉलेजात असताना मी दहा दिवसांच्या शिबिराला गेले होते. पहाटे उठून श्रमदान, रात्री लेझीम. एक चर खणला होता आम्ही."

"मग? आहे का तो चर?"

"दुसऱ्या पावसाळ्यात बुजला."

"पण तू अजून सांगतेस त्याचं."

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं की कौतुकानं, ते कळायला मार्ग नव्हता. त्या कारली तोडत होत्या आणि पाठ माझ्याकडे होती.

तेवढ्यात डास आले. मी आतून उदबत्ती आणली. आणि ती कुंपणाच्या फळीत खोचता खोचता माझ्या तोंडून निघून गेलं, "पण ताई, तिथे जाऊन तुम्ही उपदेश वगैरे करता का हो? म्हणजे... बाटवायला?"

ताई वळल्या. क्षणभर मला वाटलं, चौदा वर्षांची कारली गेली.

"कोण म्हणालं? कोपऱ्यावरच्या?"

मी उदबत्तीकडे पाहत राहिले.

"आणि तू काय म्हणालीस?"

"भिडेखातर म्हटलं."

त्या हसल्या. हसून हसून त्यांनी पट्टीचं बोट कुंपणावर आपटून घेतलं आणि परत कळवळल्या. "अगं, त्या मुलखाला कोण बाटवणार? वळणावळणावर बाप्टिस्ट चर्च आहे. आम्ही ज्या घरी होतो, तिथल्या आजोबांनी मलाच बाटवायला घेतलं होतं!"

आजोबा चौऱ्याहत्तरचे. तीस वर्षं कोळशाच्या खाणीत. फुप्फुसात कोळशाची धूळ बसलेली, नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि तरी व्हरांड्यात खुर्ची टाकून पोरांवर नजर. बायकोला अर्धांगाचा झटका आलेला. ती चाकाच्या खुर्चीत. घराला चार पायऱ्या. म्हणजे गेल्या नाताळापासून त्या बाईनं अंगण पाहिलं नव्हतं. डॉक्टरकडे न्यायचं तर दोन पुतण्यांनी खुर्चीसकट उचलायचं. ताईंच्या टोळीचं काम होतं, दारापासून जमिनीपर्यंत लाकडी उतार बांधायचा. खुर्ची घरंगळत खाली येईल आणि ढकलत वर जाईल असा.

पहिल्याच दिवशी आजोबांनी ताईंना विचारलं, "तू कुठली?" इंडिया म्हटल्यावर ते जरा पुढे सरकले. "तू ख्रिस्ती कधी झालीस?"

"मी नाही झाले, माझे पणजोबा झाले."

"त्यांना कुणी केलं?"

"तुमच्याच देशातल्या माणसांनी. बोस्टनची मंडळी होती."

आजोबांनी नळी नीट केली आणि मान हलवली. "यँकी," ते म्हणाले. "तू आपल्या तारणाची एकदा खात्री करून घे बाई."

मला इतकं हसू आलं की आतून हे विचारायला आले, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, कुकर बंद करा.

पण हसणं ओसरल्यावर ताई जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "गंमत बघ. नगरला आमच्या शाळेत मिस फरारचं नाव घ्यायचे. सिंथिया फरार. 1827 साली मुंबईला उतरली. लग्न न झालेली एकटी बाई, त्या काळात. पुढे नगरला मुलींच्या शाळा. जोतीरावांनी त्या पाहिल्या, सावित्रीबाई तिच्याकडे शिकल्या. 1862 साली नगरलाच वारली. चौतीस वर्षं. आणि मी तिच्या देशात गेले मिशनवर, तर सात दिवस. त्यातले दोन प्रवासाचे."

"म्हणजे उलटी फेड."

"फेड कसली, व्याजसुद्धा नाही."

हिशेबाची भाषा आमच्या दोघींना आवडते. त्यांच्या नगरच्या मिशननं 1842 साली 'ज्ञानोदय' काढला आणि आमच्या साताऱ्याच्या आजोबांनी आयुष्यभर त्याला शिव्या घातल्या. पण शिव्या घालायच्या तर वाचावा लागतोच, म्हणून वाचलाही. हे मी ताईंना पूर्वीच सांगितलंय. त्यांना ते फार आवडतं.

आता उताराची गोष्ट. ही त्यांनी दोनदा सांगितली आणि दुसऱ्यांदा कारल्याचा एक ताणा काडीसारखा मोडून कुंपणाच्या वरच्या फळीवर आखून दाखवली.

नियम असा, की एक इंच चढायला एक फूट लांबी. म्हणजे दार जमिनीपासून चोवीस इंच उंच, तर उतार चोवीस फूट लांब. त्याहून चढा केला तर खुर्ची ढकलणाऱ्याचा दम निघतो आणि उतरताना खुर्ची सुटते. टोळीतल्या एका पोरानं टेप घेतली, दाराच्या उंबऱ्यापासून पायरीच्या पायथ्यापर्यंत मापलं. चोवीस इंच. सोपा आकडा. पोरं खूश. चोवीस फूट आखले आणि खांबांसाठी खड्डे खणायला सुरुवात. वर चिकणमाती, खाली खडक. दीड दिवस गेला त्यात. ऐंशी पौंडांची काँक्रीटची पोती गाडीपासून उचलून आणायची. ताईंचं काम पाणी ओतायचं, आणि पोरांना 'गॉगल घाल रे' म्हणून ओरडायचं.

आजोबा व्हरांड्यात बसून सगळं बघत होते. काही बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे त्यांच्याबरोबर जेवायला बसले. घरच्या माणसांबरोबर जेवायचं, हा तिथला रिवाज. ताईंच्या मते, खरं काम तिथेच होतं. ताईंनी सहज विचारलं, "कसं वाटतंय काम?" आजोबांनी सँडविच खाली ठेवलं. म्हणाले, "काम चांगलंय. लांबीला कमी आहे."

"का?"

"तुम्ही पायरीशी मापलंत. खुर्ची काय पायरीशी उतरणार आहे?"

सगळ्यांनी वळून अंगणाकडे पाहिलं. पाहून काही कळलं नाही. डोंगराचा मुलूख, अंगण हळूच उतरत जातं, पण आजूबाजूला सगळंच तिरकं असल्यामुळे डोळ्याला सपाट वाटतं. उतार जिथे संपणार, ती जमीन पायरीच्या पायथ्यापेक्षा खाली होती. किती खाली? पोरांकडे हातभर लांबीची स्पिरिट लेव्हल. ती चोवीस फुटांवर काय सांगणार?

आजोबांनी नातवाला आत पिटाळलं. तो छपराखालून एक गुंडाळी घेऊन आला. धुळीनं माखलेली, पारदर्शक प्लॅस्टिकची लांबलचक नळी.

"आणि मी ओरडले," ताई म्हणाल्या, "मराठीत ओरडले गं! 'लेव्हल पाइप!'"

ज्यांच्या घरात कुणी गवंडी-मिस्त्री नसेल, त्यांना सांगायला हवं. लेव्हल पाइप म्हणजे नुसती नळी. तिच्यात पाणी भरायचं, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, एक टोक इथे धरायचं, एक तिथे. मध्ये भिंत असो, खड्डा असो, कोपरा असो, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला उभं राहतं. त्या पातळीला पेन्सिलीची खूण करायची. आपल्याकडे अख्ख्या इमारतींची जोती या नळीवर निघालीत. ताईंच्या वडिलांच्या सायकलला, म्हणे, दोन गोष्टी कायम: हँडलला डबा आणि मागे गुंडाळलेला लेव्हल पाइप. सुट्टीच्या दिवशी ते ताईंना दुसरं टोक धरायला न्यायचे. "हलवू नको. अंगठा काढ. पाणी बसू दे." लहानपणी ऐकलेली ही तीन वाक्यं. आजोबांनीही तीच म्हटली, इंग्रजीत.

एक टोक ताईंनी उंबऱ्याशी धरलं, दुसरं पोरानं तिकडे. पाणी वर-खाली, वर-खाली, मग थांबलं. खूण केली, मापलं. तीस इंच.

म्हणजे सहा फूट कमी. आणि चोवीस फुटांच्या पुढे गाडीरस्ता. शेवटी मध्ये एक पाच फुटी चौकोनी ओटा घेऊन उतार वळवायचा ठरला. शेवटचे दोन खड्डे वाया, नवे चार खणायचे. ज्या पोरानं मापलं होतं, तो रडकुंडीला आला. त्याला आजोबा म्हणाले, मी खाणीत छताला टेकू लावायचो. पहिल्या वर्षी माझंही असंच चुकलं होतं, फक्त तिथे वर डोंगर होता.

"पण मग त्यांनी आधीच का नाही सांगितलं?" मला राग आला. "दीड दिवस पोरं खडक फोडतायत आणि हे बसून बघतायत!"

"मीही तेच विचारलं. ते म्हणाले, 'तुम्ही मदत करायला आला होतात. विचारायला नव्हतात आलेले.'"

उदबत्तीची राख पडली. ताईंनी दुसरं कारलं तोडलं.

पूर्वी त्यांचं चर्च ट्रिपला मध्य अमेरिकेत जायचं. ताई एकदा गेल्या होत्या, दहा-बारा वर्षांपूर्वी. अकरा माणसं, विमानाची तिकिटं, सारख्या रंगाचे टीशर्ट. काम काय, तर एका शाळेची भिंत रंगवायची. "आणि तिथला रंगारी," त्या म्हणाल्या, "झाडाखाली बसून आम्हाला बघत होता. एका तिकिटाच्या पैशात त्यानं सगळी शाळा रंगवली असती, दोन हात देऊन. वर आमच्यापेक्षा बरी." निघताना पोरांनी तिथल्या मुलांच्या गळ्यात पडून फोटो काढले. ते फोटो चर्चच्या फळ्यावर वर्षभर होते. मुलांची नावं कुणाला आठवत नव्हती.

हे त्यांचं एकटीचं मत नाही. ट्रिपच्या आधी सगळ्यांना एक पुस्तक वाचायला लावलं होतं, 'व्हेन हेल्पिंग हर्ट्‌स', 2009 सालचं, दोन ख्रिस्ती माणसांनीच लिहिलेलं. मदतीनं नुकसान कसं होतं, हाच त्याचा विषय. आणि त्याच्याही कितीतरी आधी, 1968 च्या एप्रिलमध्ये, इव्हान इलिच या धर्मगुरूनं मेक्सिकोत सेवेला निघालेल्या अमेरिकन पोरांच्या सभेत त्यांना तोंडावर सांगितलं होतं, की इथे बघायला या, शिकायला या, डोंगर चढायला या, पण मदत करायला येऊ नका. बोलावलेला पाहुणा यजमानांना असं सांगतो! असा पाहुणा आमच्या महाराष्ट्र मंडळात एकदा तरी यावा, अशी माझी फार इच्छा आहे.

"मग हैतीचं काय?" मी म्हटलं. हाही काकूंचाच मुद्दा. 2010 च्या भूकंपानंतर तेहतीस मुलांना सीमेपार न्यायला निघालेल्या दहा अमेरिकन बाप्टिस्टांना पकडलं होतं. अनाथ म्हणून नेत होते आणि त्यातल्या कित्येक मुलांचे आईबाप जिवंत होते.

"ते खरंच आहे," ताई म्हणाल्या. "त्यावर मी काय बोलू? काकूंना सांग, तो मुद्दा बरोबर आहे."

आमच्या वसाहतीत दुसऱ्याचा मुद्दा बरोबर आहे असं म्हणणाऱ्या ताई एकट्याच. म्हणून त्यांच्याशी भांडायला मजा येत नाही.

आता गावगप्पांतली मुख्य बातमी. ती त्यांनी आवाज खाली आणून सांगितली. वास्तविक ऐकायला फक्त मांजर होतं. ताईंचं चर्च तीन वर्षांपूर्वी फुटलं. त्यांचंच नव्हे. अमेरिकेतल्या मेथॉडिस्टांची साडेसात हजारांहून जास्त चर्चेस, म्हणजे जवळपास पाव हिस्सा, 2023 च्या अखेरपर्यंत बाहेर पडली. समलिंगी लग्नावरून वाद. ताईंच्या मंडळीतले निम्मे लोक राहिले, निम्म्यांनी दोन मैलांवर नवीन चर्च काढलं. पंचवीस वर्षं शेजारी बसून गाणी म्हणणाऱ्या बायका दुकानात एकमेकींना पाहून गल्ली बदलायच्या. ट्रिपला मोठी माणसं का मिळाली नाहीत, ते आता कळलं.

"आणि तिथे शाळेत पोचलो, तर समोर कोण? आमच्या जुन्या गायनमंडळाची बाई! नवीन चर्चची पोरं घेऊन आलेली. तोच आठवडा, तीच शाळा, माझ्या शेजारची गादी."

"अय्या! मग?"

"पहिल्या रात्री पाठ करून झोपली. दुसऱ्या रात्री माझी गादी बसली तेव्हा उठून पंप घेऊन आली. रात्री दोन वाजता आम्ही दोघी गादीत हवा भरतोय, आणि पोरी झोपेत शिव्या देतायत."

"बोलणं झालं?"

"गादीबद्दल झालं."

मला याहून जास्त हवं होतं. पण तेवढंच घडलं, त्याला त्या तरी काय करणार.

शुक्रवारी दुपारी उतार पुरा झाला. कठडा लागला, फळ्यांवरचे स्क्रू हातानं चाचपून पाहिले, कुणाच्या तळव्याला कुसळ जाऊ नये म्हणून कडा घासल्या. आजींची खुर्ची दारात आणली. सगळी पोरं दोन्ही बाजूंना, वारीत पालखीला वाट करून देतात तशी. आजी ओट्यापर्यंत आल्या आणि हात वर केला. थांबा. मग तिथेच बसून राहिल्या. खाली जायचंच नाही म्हणाल्या. ओट्यावरून त्यांना आपली वाफ्यातली फुलं दिसत होती, डोंगर दिसत होता, शेजारणीचं घर दिसत होतं. शेजारीण धावत आली. दोघींचं जे बोलणं सुरू झालं, ते अर्धा तास थांबेना. पोरं फोटोसाठी ताटकळली. शेवटी फोटो तसाच काढला. त्यात आजींची पाठ आहे आणि शेजारणीचं तोंड उघडं.

"सात दिवसांत तुम्हीही त्यांचं एवढंच पाहिलंत, ताई," मी म्हटलं. "पाठ."

"हो. आणि पुढच्या हिवाळ्यात त्यावर बर्फ साचेल तेव्हा खोरं कोण चालवणार, ते मला माहीत नाही. पुतणे आहेत. नातू आहे. आजोबा तर नळी लावून बसणार." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "त्या संध्याकाळी ते गायले. त्यांच्या चर्चची तऱ्हा माहितेय तुला? पेटी नाही, पियानो नाही. एक माणूस ओळ सांगतो, बाकीचे ती ओढत ओढत म्हणतात. मी डोळे मिटले तर नगरला वस्तीवर भजन चालल्यासारखं. शब्द तेवढे वेगळे. मग मला म्हणाले, तुझं म्हण. मी रेव्हरंड टिळकांचं एक भजन म्हटलं."

"मराठीत?"

"मग काय! त्यांना अर्थ नाही कळला. पण म्हणाले, आता तारणाची काळजी नाही, यँकींनी सगळंच काही बिघडवलेलं नाही."

अंधार पडला होता. आतून ह्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, जेवायचं आहे का. ताई म्हणाल्या, थांब, तुझा लाभांश राहिलाय. घरात गेल्या आणि एक दोरा घेऊन आल्या. दोऱ्यात घेवड्याच्या शेंगा ओवलेल्या, वाळून तपकिरी, सुरकुतलेल्या. मोगऱ्याचा गजरा एखाद्यानं आठ महिने विसरला तर जसा होईल, तशी माळ. आजींनी दिली. तिकडे उन्हाळ्यात शेंगा अशा ओवून छपराखाली टांगतात आणि हिवाळाभर शिजवून खातात.

"हे तर आपलं वाळवण! गवारीच्या शेंगा वाळवतो, तसंच."

"नाव ऐक. लेदर ब्रिचेस. चामड्याच्या चड्ड्या."

"शी! आणि शिजवतात कशा?"

"रात्रभर भिजत घालायच्या आणि मग दोन-तीन तास मंद आचेवर. डुकराची चरबी घालून."

मी माळ जरा लांब धरली.

"तू गोडा मसाला आणि गूळ घाल," ताई म्हणाल्या. "शेंगेला काय कळतंय." त्यांनी दोरा मधोमध तोडला आणि अर्धी माळ कुंपणावरून माझ्या हातात दिली, वर चार कारली. मी मोजलं. वीस डॉलरच्या मानानं बरं होतं.

"यातल्या थोड्या कोपऱ्यावरच्या काकूंना देऊ का?"

"दे की."

"कुठून आल्या म्हणून सांगू?"

ताईंनी उदबत्तीचं थोटूक फळीतून काढलं, विझवलं आणि माझ्याकडे दिलं. "आधी खाऊ दे त्यांना," त्या म्हणाल्या. "वाटी धुऊन परत आली की मग सांग."